फुराखा

सूर आपल्याकडे गाण्यात असतो.
इथे ते खाडीकाठचं गाव आहे,
अर्धवट बांधलेल्या गलबतांचं,
आणि त्याच्या मागच्या गल्लीत
नसीर परकारच्या दुकानात
तीन नंबरच्या मशीनशेजारी, स्टुलावर, मी.

दिशदाशा बेतणं परकारकडे.
बाह्या, बगला, बिनकॉलरचा गळा इतरांकडे.
माझ्याकडे फक्त गोंडा,
गळ्याच्या कडेपासून छातीवर लोंबणारा.
फुराखा म्हणतात त्याला.
साठ धागे दुमडायचे, एकशे वीस टोकं होतात,
मानेशी आवळायचं, विंचरायचं,
आणि दातांनी नाही, कात्रीनेच तोडायचं.
परकारचा नियम. थुंकीला वास असतो, म्हणतो,
आणि इथे सगळा मामला वासाचा.

आईला फोनवर सांगितलं, गोंडे करतो.
"गोंडे? आनि तेचो पगार गावता?"
मागून काका हसला,
"करता कसले, घोळता म्हण. अरबाफुडे."
मीही हसलो.
कार्डात तीन मिनिटं शिल्लक होती.

बाप दशावताराचे कपडे शिवायचा.
राजाच्या कमरपट्ट्याला लाल लोकरीचे गोंडे,
राक्षसाला काळे, नारळाएवढे,
म्हणजे तो ओरडायच्या आधीच ते हलायचे.
गोंड्याचा एवढाच उपयोग मला ठाऊक होता :
मागे चटईवर पेंगणाऱ्यालाही कळावं
की कोणीतरी रागावलंय.
बाकी मग टोपडं, पोलक्याचे बंद,
बैलाची म्होरकी, चाव्यांचा जुडगा.
काही हरवू नये म्हणून,
दृष्ट लागू नये म्हणून,
किंवा नुसतंच, हाताला चाळा म्हणून.

खलफान नाखुदा दर ईदेआधी यायचा.
एके काळी वेंगुर्ल्याचा काथ्या भरून नेलेला माणूस.
माझ्या गावाचं नाव तो माझ्यापेक्षा
जास्त खारं उच्चारायचा.
आता दोन्ही डोळे गेलेले.

त्या वर्षी गोंडा बोटांत धरून म्हणाला, आखूड.
बोटभर वाढवला. तरी आखूड.
तिसऱ्या वेळी मी वैतागलो,
मोडक्या अरबीत विचारलं,
बाबा, दिसत तर नाही तुम्हाला, कशाला एवढं?

परकारची कात्री कापडातच थांबली.

म्हातारा रागावला नाही.
पाच मुलगे आहेत, म्हणाला.
सकाळी एकेक येतो, वाकतो,
माझ्या डोक्यावर ओठ टेकतो.
वाकला की फुराखा माझ्या गालाला लागतो,
अत्तरात बुडवलेला.
ऊद आला की थोरला, बँकेतला.
गुलाब म्हणजे लग्न नको म्हणणारा.
कस्तुरी आणि चंदन, हे दोघे जुळे,
अजून एकमेकांच्या बाटल्या चोरतात,
मग मी मुद्दाम चुकतो.
पाचवा काही लावत नाही. होडीवर असतो.
त्याचा गोंडा नुसता खारा.

हा त्याच्यासाठी आहे.
उंच आहे तो, आणि घाईत असतो,
अर्धाच वाकतो.
आखूड गोंडा माझ्यापर्यंत पोचत नाही.

मी चार बोटं वाढवला.
जादा रेशमाचे पैसे मागितले नाहीत.
परकारने महिन्याअखेर कापले,
माझ्यातून.

त्याच रात्री उरल्या धाग्यांचा
एक बारका गोंडा केला,
मुलीच्या टोपड्यासाठी.
मुलगी तेव्हा चार महिन्यांची, मी न पाहिलेली.
वाटलं, ह्याला काहीतरी लावावं.
परकारच्या कपाटात ऊद होता, कुलपात.
माझ्या हाताला मशीनच्या तेलाचा वास.
तोच राहू दिला,
मुठीत थोडा वेळ जास्त धरून.

गावच्या एका माणसाबरोबर पाठवलं.
वीस दिवसांनी बायकोचा निरोप आला :
छान बसलं.
धुऊन घातलं.